चोरांचें शास्त्र

नातीनें पदवीनंतर गुन्हेशास्त्र शिकण्याचा बेत सांगितला, तेव्हां मीं कपाळाला आठ्या घातल्या. "चोरांचें शास्त्र शिकून काय मिळवणार?"

ती म्हणाली, "आजोबा, 'मृच्छकटिका'तला शर्विलक भिंत कशी फोडतो, कौटिल्याचें 'कंटकशोधन' काय सांगतें, तें तुम्हींच नाहीं का शिकवलें?"

मी निरुत्तर झालों. मग तिनें पुढील वाटा सांगितल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेंत हा विषय समाजकार्याच्या अंगानें शिकवतात. तो शिकलेला मनुष्य १९५८ च्या कायद्याखालीं परिवीक्षा अधिकारी होऊं शकतो, बंदिवानांच्या कुटुंबांकडे पाहतो, पीडितांस आधार देतो. बाल न्याय मंडळांत तर न्यायाधीशाबरोबर दोन समाजसेवक बसतात. रक्त, विष, ठसे तपासण्याचें न्यायसाहाय्यक विज्ञान मात्र निराळें. त्यास रसायनादि शास्त्रांची पदवी लागते.

"शिक्षा किती, तें कायदा सांगतो, गुन्हा कां घडला, तें आम्ही विचारतों," ती म्हणाली.

तो 'कां' मला झोंबला. एका मुलानें वर्गांत पेन चोरलें म्हणून मीं त्यास छड्या मारून शाळेंतून काढविलें होतें. कां चोरलेंस, हें विचारलें नव्हतें. पुढें तो कधींच दिसला नाहीं.

वाचकहो, नातीच्या प्रवेशाचे पैसे मीं भरले. त्या मुलाचें देणें मात्र राहिलेंच.