बोटभर पाणी

दिल्लीच्या सरकारी क्वार्टरात मोरी नाही, ओट्यात बसविलेले सिंक आहे. आमच्या सिंकखालची नळी पूर्वीच्या कोणा मिस्त्रीने सरळ जमिनीतील भोकात सोडून दिली होती. तेथून येणाऱ्या दर्पामुळे मातोश्रींनी देव्हारा स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत नेला. तीन वर्षांच्या बिऱ्हाडासाठी पदरचे पैसे खर्चावेत काय, हा आमच्यातील कारकुनाचा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला.

नवी जाळी बसविणे फारसे अवघड नाही. कडेखाली पुटी, खालून रबरी वायसर, मग नट. तो हातानेच आवळावा, पान्याने किंचितच. अधिक जोर केला की वायसर सरकतो. खरी गंमत पुढच्या बॉटल ट्रॅपची. वाहून जाणाऱ्या पाण्यापैकी थोडेसे त्यात मागे राहते, आणि तेवढेच बोटभर पाणी गटारातील हवा अडवून धरते. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचकूपाच्या पेटंटात वाकडी नळी योजली, ती याच तत्त्वावर. हे गृहस्थ मूळचे घड्याळजी! ट्रॅपची नळी शिरते तेथील भोक सिमेंटने लिंपले आणि देव्हारा स्वस्थानी आला.

यंदा आमची बदली आहे. ट्रॅप पदरचा, तो काढून सामानात घ्यावा, असे आमच्या मंडळींचे म्हणणे. आम्ही तो ठेवणार आहोत. परंतु क्वार्टर महिना-दोन महिने रिकामे राहिले की आतले पाणी आटते. म्हणून ओट्यावर हिंदीत चिठ्ठी लिहून ठेवू : आल्याबरोबर सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतावे.