चौघींच्या दशम्या

आमच्या वर्गाच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहायचा असतो. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी तो मीच लिहिला होता: 'नेहमी खरे बोलावे.' आणि बालमित्रांनो, त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी माझ्या आईशी धडधडीत खोटं बोलले!

त्याचं असं झालं. मी लासूर स्टेशनला राहते आणि जवळच्याच एका शाळेत चौथीला शिकवते. दरवर्षी नकाशा टांगायचा, त्यावर पट्टी फिरवायची आणि म्हणायचं, "हा पाहा हिमालय." एके दिवशी मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, तुम्ही पाहिलाय का?" मी गप्पच झाले. मनमाड आणि फार तर नाशिक, एवढाच माझा प्रवास. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. शेवटी ठरवलं, आपण हिमालय पाहायचा. तोही नेपाळातून, म्हणजे परदेशही पाहून होईल! नेपाळसाठी आपल्याला व्हिसा लागत नाही. रस्त्याने जाताना मतदार ओळखपत्र दाखवलं तरी चालतं. पैसे साठवले, एका ओळखीच्या ट्रेकरकडून पाठीवरची सॅक मागून आणली. सोबत मात्र कुणी मिळेना. कुणाच्या घरी दिवाळीचे पाहुणे, कुणाचं लेकरू लहान. मग म्हटलं, एकटीच जाऊ.

हे आईला कसं सांगायचं? ती घाबरेल, नाही म्हणेल, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. तिला सांगितलं, "आम्ही चौघी बाई मिळून चाललोय." खरी गोष्ट फक्त वाळूजला कंपनीत असलेल्या माझ्या भावाला ठाऊक. म्हणजे मी स्वतः खोटं बोलले आणि त्यालाही त्यात ओढलं.

आईनं काय करावं? निघायच्या आदल्या रात्री बसून तिनं चौघींना पुरतील एवढ्या दशम्या केल्या, दुधात पीठ मळून! आणि शेंगदाण्याची चटणी कुटून मोठ्ठा स्टीलचा डबा भरला. "त्या बायांनाही दे हं, एकटी खाऊ नको," म्हणाली. मी मान डोलावली. सॅक उचलली, तर ती चांगलीच जड लागली.

दशम्या गाडीतच संपल्या. मनमाडहून गोरखपूरला जाणारी गाडी एका दिवसाहून जास्त वेळ घेते. शेजारच्या कुटुंबाला दिल्या, वरच्या बर्थवरच्या आजोबांना दिल्या. पण चटणी उरली. ती डबाभर चटणी मी सीमेपलीकडे नेली, काठमांडूला नेली, पोखऱ्याला नेली.

हिमालय पाहिला का? पाहिला! पोखऱ्यात पहाटे गच्चीवर गेले तर समोर माछापुच्छ्रे. नेपाळीत माछा म्हणजे मासा. शिखराला माशाच्या शेपटीसारखी दोन टोकं आहेत, म्हणून हे नाव. उंची ६,९९३ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे चार कळसूबाई एकावर एक ठेवली तरी माछापुच्छ्रेच थोडं वर उरतं. त्याच रांगेतलं अन्नपूर्णा तर ८,०९१ मीटर. आधी राखाडी, मग गुलाबी, मग सोनेरी होत गेलेलं ते बर्फ पाहून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण शेजारी "अगं, बघ गं!" म्हणायला कुणी नव्हतं.

त्या प्रवासात मला एक नेपाळी शब्द पाठ झाला, 'एक्लै'. म्हणजे एकटीच. चहावाला, बसचा कंडक्टर, भाजीवाली, सगळे विचारायचे, "बहिनी, एक्लै?" बहिनी म्हणजे धाकटी बहीण. मी अभिमानानं मान हलवायची. परक्या देशात सगळ्यांना खरं सांगत होते. खोटं बोलत होते ते फक्त घरी.

कारण रोज रात्री आठला मी आईला फोन करायची. आपल्याकडे तेव्हा पावणेआठ वाजलेले असायचे. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. आई सगळं विचारायची आणि शेवटी म्हणायची, "दे बरं फोन त्या दुसऱ्या बाईंकडे, जरा बोलते." पहिल्या दिवशी मी म्हटलं, त्या झोपल्यात. दुसऱ्या दिवशी, बाजारात गेल्यात. तिसऱ्या दिवशी, आंघोळीला गेल्यात. आई म्हणाली, "एवढ्या थंडीत रात्रीच्या आंघोळी करतात व्हय गं या बाया?" मी हसले, पण फोन ठेवल्यावर पोटात कसंतरी झालं. गृहपाठ न करणारी मुलं मला कारणं सांगतात ना, अगदी तश्शीच कारणं मी सांगत होते.

आता शेवटच्या दिवसांचं सांगते. नेपाळात दिवाळीला तिहार म्हणतात. आपल्या नरकचतुर्दशीला तिथे कुकुर तिहार असतो. त्या दिवशी कुत्र्यांची पूजा! पोखऱ्याच्या रस्त्यावर प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर टिळा. एक लंगडं कुत्रं तर दोन माळा घालून ऐटीत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या वाटेला लागले. पोखऱ्याहून सीमेकडे येणारा रस्ता डोंगरातून वळणं घेत येतो. वाटेत तानसेन नावाचं डोंगरउतारावरचं गाव लागतं. ढाका नावाच्या सुती विणीच्या कापडासाठी आणि त्याच्या टोप्यांसाठी प्रसिद्ध. तिथे एक रात्र थांबायचं, मग लुंबिनी, मग घर, असा बेत होता. त्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन होतं. दारोदार पणत्या लागल्या होत्या. मुली घोळक्यानं घरोघरी जाऊन भैलोची गाणी म्हणत होत्या. ते बघत बघत दगडी पायऱ्या उतरत होते. माझं लक्ष दिव्यांकडे. एका पायरीवर पाय मुडपला आणि मी खालीच बसले!

घोटा बघता बघता सुजला. भैलो म्हणणाऱ्या त्या मुलींनीच मला धरून माझ्या मुक्कामाच्या घरी पोचवलं. ते घर एका आजीबाईंचं होतं. सगळे त्यांना आमा म्हणत. आमा म्हणजे आई. त्यांनी तेल कोमट केलं, हळद कालवली, घोट्याला लावून पट्टी बांधली. मग सेलरोटी आणून दिली. तांदळाच्या पिठाची, बांगडीसारखी गोल, तळलेली. मी डबा उघडून त्यांना चटणी वाढली. त्यांनी चाखली, खुश झाल्या. मग डब्यात डोकावून मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "इतके दिवस झाले म्हणतेस, तरी एवढी चटणी? एकट्या मुलीला आईनं एवढा डबा दिला?"

काय सांगू? माझ्या तोंडून खरं निघून गेलं. चौघींचं खोटं, दशम्या, रात्रीच्या आंघोळी, सगळं. मला वाटलं, आमा रागावतील. त्या रागावल्या नाहीत. पट्टीची गाठ नीट करत म्हणाल्या, "माझा मुलगा कतारला कामाला आहे. रोज रात्री फोन करतो. जेवलो म्हणतो, बरा आहे म्हणतो. ज्या दिवशी खोटं बोलतो त्या दिवशी आवाज वेगळा येतो. मग मला रात्रभर झोप नाही. खरं सांगितलं तर निदान कशाची काळजी करायची ते तरी कळेल."

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून गेले होते.

मुलांनो, त्या प्रवासात मी अनोळखी गावांत रात्री काढल्या, दरीच्या काठाकाठानं जाणाऱ्या बसमध्ये बसले. पण माझा हात थरथरला तो फक्त त्या फोनच्या वेळी. एका दमात सांगून टाकलं. "आई, माझ्याबरोबर कुणी नाही. मी पहिल्यापासून एकटीच आहे. आणि आता पाय मुरगळलाय."

पलीकडे काही आवाजच नाही. मला वाटलं, फोन कटला. मग आईनं विचारलं, "पाय टेकवता येतोय का?" येतोय म्हटलं. "जवळ कोण आहे?" एक आजी आहेत म्हटलं. "जेवलीस?" हो म्हटलं. मग पुन्हा शांतता. आणि मग ती म्हणाली, "तू एकटी गेलीस याचा राग नाही. मला सांगितलं नाहीस याचा आहे. अगं, तुझे वडील गेले तेव्हा तुम्हा दोघांना घेऊन मी या गावात एकटीच उतरले होते ना? व्यापाऱ्यांकडे कांदे निवडले, तुम्हाला शिकवलं. एकटीनं कसं राहायचं, ते मला विचारायचंस की! मी एवढी भित्री वाटले तुला?"

मला उत्तर देता येईना. आपली आई आपल्यासाठी घाबरते एवढंच मी पाहिलं होतं. ती किती धीराची आहे, हे इतकी वर्षं एका घरात राहून माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसरा दिवस आमांच्या अंगणात पाय वर करून काढला. त्या दिवशी आईचा फोन तीन वेळा आला. माझ्याशी थोडं बोलली आणि मग म्हणाली, "दे फोन आमांकडे." या वेळी फोन द्यायला खरंच कुणीतरी होतं! एक मराठी बोलतेय, दुसरी नेपाळी. दोघींना एकमेकींचं किती कळलं कोण जाणे, पण दहा मिनिटं बोलल्या. निघताना उरलेली चटणी मी डब्यासकट आमांना दिली आणि आईसाठी ढाक्याचं कापड घेतलं.

भाऊबीजेच्या दिवशी लुंबिनीला पोचले. गौतम बुद्धांचं हे जन्मस्थान. सम्राट अशोक इ.स.पू. २४९ च्या सुमारास इथे आला होता. त्यानं उभारलेला दगडी स्तंभ अजून उभा आहे. त्यावरची अक्षरं ब्राह्मी लिपीतली. आपली देवनागरी त्याच लिपीच्या वंशातली. बुद्धांच्या गावी त्यानं करात सवलत दिली, असंही त्यावर कोरलेलं आहे. लंगडत स्तंभाजवळ बसले आणि मला आपल्या जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट आठवली.

सुत्तनिपात नावाच्या पाली ग्रंथात ती आहे. गोदावरीकाठी बावरी नावाचे एक वृद्ध गुरू राहत. त्यांनी आपल्या सोळा शिष्यांना बुद्धांना भेटायला पाठवलं. ते प्रतिष्ठानहून, म्हणजे आपल्या पैठणहून, निघाले. माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती करत ते कपिलवस्तूवरून पुढे मगधाकडे गेले. हे कपिलवस्तू म्हणजे लुंबिनीच्या जवळचंच. लासूरहून पैठण ते किती लांब! आणि ते शिष्य चालत आले होते. पण मला त्या दिवशी नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ते गुरूंना सांगून निघाले होते. आणि त्यांच्यातला पिंगिय परत आला, त्यानं पाहिलेलं-ऐकलेलं सगळं गुरूंना सांगितलं, अशी कथा आहे. जाताना सांगून जावं आणि आल्यावर सगळं सांगावं. प्रवासाची ही रीत किती जुनी आहे!

तिथून सुनौलीची सीमा, मग गोरखपूर. तिथला फलाट १,३६६ मीटर लांब आहे. कर्नाटकातल्या हुबळीचा याहून मोठा फलाट २०२३ मध्ये सुरू होईपर्यंत जगात सर्वांत लांब हाच होता. सुजलेला घोटा घेऊन तो फलाट चालून पाहा, म्हणजे मीटर म्हणजे काय ते चांगलं कळतं! छठच्या सणासाठी घरी येणाऱ्या माणसांनी समोरच्या गाड्या ओसंडून वाहत होत्या. आमची मुंबईकडची गाडी त्या मानानं मोकळी. सॅक उशाला घेतली. चटणीचा डबा गेल्यामुळे ती हलकी झाली होती. मलाही कितीतरी हलकं वाटत होतं.

मनमाडला गाडी बदलून लासूरला उतरले, तर फलाटावरच्या बाकावर आई बसलेली. तिनं आधी माझा पाय पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग सॅक स्वतःच्या खांद्याला लावून पुढे चालू लागली. मी "अगं, दे इकडे" म्हणत मागून लंगडत!

सुट्टी संपल्यावर मी वर्गाला हिमालय सांगितला आणि ही गोष्टही सांगितली. बाई खोटं बोलल्या हे ऐकून वर्ग आधी चिडीचूप झाला. मी म्हटलं, "एकट्यानं जायला धीर लागतो हे खरं. पण घरी खरं सांगायला त्याहून जास्त लागतो. तुम्ही मोठे झालात की लांब लांब जा, पण कुठे आहोत हे घरी ठाऊक असू द्या." आणि पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलांनी अवघड काही सांगितलं तर आधी "पाय टेकवता येतोय का?" एवढंच विचारा. रागवायचं ते नंतर रागवा.

तेवढ्यात त्याच मागच्या रांगेतून प्रश्न आला, "बाई, मग तुम्हाला शिक्षा काय झाली?"

शिक्षा झाली होती ना! तेव्हापासून आमच्या घरची चटणी मी कुटते. आणि आई बाजूला बसून सांगते, "अजून बारीक. चौघींना पुरली पाहिजे!"