नायाब

अंतरवाली सराटीला बहिणीच्या दारात लिंबाखाली बाज टाकलेली असते. दिवाळीनंतरचे दिवस. अंगणात त्या दिवशी वेचलेल्या कापसाचा ढीग, आणि बाजेवर भाचा व त्याचा मित्र यांच्यामध्ये मुठीएवढा स्पीकर. दोघं तावातावानं बोलत होते. विषय होता दिल्लीची रॅपर जोडी ‘सीधे मौत’.

अभिजय नेगी आणि सिद्धांत शर्मा ही ती पोरं. त्यांचा पहिला अल्बम ‘बयान’ २०१८चा, दुसरा ‘नायाब’ २०२२चा. दोन्हींचं संगीत सेझ ऑन द बीट या एकाच माणसाचं. तरी मित्राला दुसरा पटेना. “बयानमधी आग हाय, मामा. ह्यो लई उदास. ह्याच्यावर गाडी चालवून बघा, झोप येती.” भाचा मान हलवत राहिला. “उदास न्हाई. खोल हाय. पर ध्यान देऊन ऐकावं लागतं.”

मी म्हटलं, लावा. निम्मे शब्द माझ्या हातून निसटले. तरी एक गोष्ट लगेच ओळखीची वाटली. एकाची ओळ संपते न संपते तोच दुसरा ती तोंडातून काढून घेतो. आमच्याकडे पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतो. कलगी-तुऱ्यात तर शक्ती थोर की शिव, यावर दोन फड रात्रभर एकमेकांना कोड्यात पाडतात. ही दोघं मात्र एकमेकांना पाडत नाहीत, एकमेकांचा दम वाचवतात. लहानपणापासून भजनात टाळ धरलेल्या माझ्या कानाला ते फार आवडलं. पुढे चाल संथ झाली, राग मागे सरला आणि नुसता थकवा उरला. मित्राला तेच खुपत होतं, आणि मला वाटतं अल्बमची खरी मिळकत तीच आहे. चार वर्षांत ज्याच्या आवाजात काही बदललं नाही, त्यानं पुन्हा माईकसमोर का यावं?

दोन्ही अल्बमच्या नावांचे शब्दही मनात राहिले. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे ‘बयाण’ आमच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून आहे. ‘नायाब’ मूळ फारसी, ना-याब, म्हणजे जे सापडत नाही ते. दुर्मीळ हा अर्थ त्यातूनच आला. या गावात तो शब्द ऐकताना मला कपाटं दिसली, जुनी दप्तरं दिसली. २९ ऑगस्ट २०२३ला मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी इथेच उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि त्यानंतर न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकाळातल्या कागदांत कुणबी नोंदी शोधायला लागली. उर्दूतले कागद, मोडीतले कागद. कुणाला पणजोबाचं नाव सापडलं, कुणाला नाही. आमच्या घरचं अजून सापडलेलं नाही.

भाच्याला मी हे काही बोललो नव्हतो. तोच म्हणाला, “लाठीमाराच्या दिवशी समद्यांनी बयानच लावला. अंगात येत होतं. मंग आठ-धा दिवसांनी, रात्री झोप लागंना, तवा ह्यो लावला. हेडफोन घालून. पहिल्यांदा कळला.”

मित्र गप्प बसला. मग हळूच म्हणाला, “तसं म्हनलं तर दोन-तीन गानी बरी हायती.”

एवढी माघार मला मोठी वाटली. पहिला अल्बम पोरं टोळीनं ऐकतात, माना एका ठेक्यावर हलतात, मत आपोआप एक होतं. दुसऱ्यापाशी येईपर्यंत एकाची दहावी सरलेली असते, एकाचा बाप आजारी असतो, एकानं गावात गाड्यांच्या रांगा आणि पोलीस पाहिलेले असतात. मग मतं फुटतात. मला त्या फुटीचं दुःख वाटत नाही. पोरं मोठी होत असल्याची ती खूण वाटते. ‘पहिलाच भारी’ म्हणणारा पोरगा पुष्कळदा त्या अल्बमबरोबर सोळा वर्षांचा स्वतःलाही मागत असतो, आणि ते मागणं मला पुरतं कळतं.

आतून बहिणीनं हाक दिली. दव पडायला लागलं होतं, कापूस झाकायचा होता. दोघं उठले. एकानं ताडपत्रीचं हे टोक धरलं, दुसऱ्यानं ते. स्पीकर बाजेवरच चालू होता. ताडपत्री ढिगावर पसरताना भाचा एक ओळ पुटपुटला, आणि पुढची मित्रानं उचलली. त्याला ती पाठ होती.