पिसोरीची पाठ

माझ्याकडे पिसोरीचे एकतीस फोटो आहेत आणि एकतीसही पाठमोरे. कधी पांढरट पट्ट्यांची कूस आणि काडीसारखे मागचे पाय, कधी नुसतं ढुंगण. तिलारीच्या खोऱ्यात, माझ्या मांगरामागच्या वाटेवर मी नऊ वर्षं कॅमेरे बांधतोय. बिबट्या समोरून आला, गव्याने भिंगाला नाक लावलं, साळिंदरं सहकुटुंब येऊन जातात. फूटभर उंचीच्या पिसोरीने मात्र तोंड दाखवलेलं नाही. तिच्या नराला शिंगं नसतात, सुळे असतात. मला ते सुळे हवेत.

अडचण या नादातल्या माणसाला सांगायला नको, पण बोलल्याशिवाय मला राहवत नाही. ऊबदार अंग आडवं सरकलं की सेन्सर चटकन जागा होतो. तेच सरळ चालून आलं की त्याला उशिरा कळतं. म्हणून कॅमेरा वाटेला आडवा लावावा, तर फोटो निघेपर्यंत पिसोरी अर्धी निघून गेलेली. वाटेच्या रोखाने लावावा, तर सेन्सरला पत्ताच नाही. मधला कोन शोधतोय. पंचेचाळीस अंश झाले, तीस झाले, खाली पाचर मारून झाली. कॅमेरा वीतभर उंचीवर आणला, तर एका आठवड्यात चौदाशे फोटो, सगळे उन्हात हलणाऱ्या गवताचे. एप्रिलच्या दुपारी जमीनच अंगाएवढी तापते, मग सेन्सर आंधळा होतो, हे खरं. पण ही सबब मला चालत नाही. पिसोरी रात्रीची येते.

शेजारचे तात्या माझी पाचर बघून हसायचे. "वाट बघूची तर वाटेकडे तोंड करून बसाक होया, मेल्या!" कोनाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं, पण कॅमेरा बांधायचं झाड तेच दाखवायचे. रुमडाची फळं कुठे पडलीत, व्हाळाला पाणी कुठवर आहे, एवढं बघून काठीने बोट केल्यासारखं करत. एकतीसच्या एकतीस फोटो त्या काठीचे आहेत.

तात्या गेल्या फाल्गुनात गेले. मुलं गोव्यात नोकरीला. त्यांनी गुरं विकली. पावसाळा संपेपर्यंत वाटेवर कमरेएवढी रानमोडी माजली आणि माझी कार्डं रिकामी यायला लागली. ज्या वाटेला मी नऊ वर्षं 'जनावरांची वाट' म्हणत होतो, ती तात्यांच्या गाईंनी रोज तुडवून ठेवलेली वाट होती. जनावरं तिचा फायदा घेत होती, मीही. आता कोयता घेऊन मी ती साफ करतो, पण गुडघा वाकत नाही आणि माझ्या पायांनी वाट पडत नाही. पलीकडचा उतार तर रबराखाली गेला. तिथे सगळी झाडं रांगेत उभी. कॅमेरा कुठल्याही झाडाला बांधा, सारखंच.

हल्ली मीठ नाहीतर कोंबडीची आतडी टाकून फोटो काढणारे वाढलेत. मी त्यांना नावं ठेवतो. १९२७ साली एफ. डब्ल्यू. चॅम्पियनचं वाघांच्या फोटोंचं पुस्तक आलं. वाटेवर तार ताणायची, वाघाचा पाय लागला की प्रकाशाचा भडका आणि एकच फोटो. हा दाखला मी चारचौघांत फार मानभावीपणे देतो. खरं म्हणजे एका अमावास्येला मीही फणसाचे गरे टाकले होते. आली ती रानडुकरं.

आणखी एक. बिबट्याचा समोरून आलेला फोटो मी व्हॉट्सॲपवर टाकला तेव्हा खाली लिहिलं होतं, 'पाच वर्षांच्या अभ्यासाचं फळ'. झाड तात्यांनी दाखवलेलं. त्यांना तो फोटो मोबाइलवर दाखवला, तर ते म्हणाले, "वाघ बरो दिसता." बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. मी लगेच त्यांना पट्टेरी वाघ आणि बिबट्या यांतला फरक समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

कार्ड रिकामं करताना माझा हात जलद चालतो. गवत, गुरं, कुत्रा, माणूस: पुसायचं. त्या माणसांत रोज सकाळी तात्या असणार. त्यांचे किती फोटो मी पुसले, याचा हिशेब नाही. परवा खणात एक जुनं कार्ड मिळालं, पूर्वी न उघडणारं. या वेळी उघडलं. त्यात एक फोटो निघाला. कॅमेरा पिसोरीच्या उंचीवर, त्यामुळे फक्त दोन अनवाणी पाय आणि काठीचं टोक. पाय कॅमेऱ्याकडे येताहेत. बॅटरी बदलल्यावर घड्याळ लावायचं मी विसरलो असणार, कारण कोपऱ्यात तारीख १ जानेवारी आहे. पण पोटऱ्यांपर्यंत तांबडा चिखल आहे. आषाढ असावा.