ओला पुठ्ठा

गेल्या वर्षीं ज्येष्ठांत आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली, तींत मीं एक भाषण केलें. भाषण म्हणजे फार तर चार मिनिटांचें. परंतु पस्तीस वर्षें कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकविलेला मनुष्य चार मिनिटें बोलला तरी त्याला व्याख्यानाचें स्वरूप आपोआप येतें. विषय अगदींच किरकोळ होता. आमच्याकडे रोज कचरा न्यावयास येणाऱ्या मावशींनीं अर्ज केला होता. अर्ज कसला, आमच्या चिटणीसांनीं त्यांच्या तोंडचे शब्द वहीच्या एका पानावर उतरून घेतले होते. इमारतीच्या मागल्या अंगास, पंपाच्या खोलीला लागून, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एक जागा आहे. तेथें दोन मोडक्या स्कूटर कित्येक वर्षें उभ्या आहेत. त्या हलवून तेवढ्या जागेवर दोन पत्रे घालूं द्यावे, म्हणजे निवडून ठेवलेला सुका माल पावसांत भिजणार नाहीं, पत्र्यांचा खर्च मी करीन, एवढीच मागणी.

मी उठलों आणि म्हणालों, "हें काम महानगरपालिकेचें आहे. आपण मालमत्ता-कर भरतों. कचऱ्याची व्यवस्था ही सार्वजनिक गोष्ट असून ती सार्वजनिक पैशानेंच झाली पाहिजे. आपण आपल्या अंगणांत पत्रे ठोकूं लागलों तर पालिका आपली जबाबदारी कायमची विसरेल." टाळ्या पडल्या. अर्ज नामंजूर झाला. त्याच आठवड्यांत ज्येष्ठ नागरिकांच्या संघांत 'तापती पृथ्वी आणि आपण' या विषयावर माझें व्याख्यान होतें, आणि त्याच्या तयारीसाठीं मी सभेंतून जरा लवकरच उठलों, हेंहि येथें सांगून टाकलेलें बरें.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठीं मावशींच्या व्यवसायाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कचरा वेंचून पोट भरणाऱ्या येथील बायकांनीं १९९३ सालीं आपली एक संघटना उभी केली. हमालांचे पुढारी डॉ. बाबा आढाव यांचें पाठबळ तिला होतें. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' असें तिचें नांव. मालाची यादी आणि माणसांची ओळख एकाच दमांत सांगणारें इतकें प्रामाणिक नांव दुसऱ्या कोणत्या संस्थेचें असेल असें मला वाटत नाहीं. पुढें या पंचायतींतूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ सालीं तिनें महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचें काम अंगावर घेतलें. आमच्या मावशी तिच्या सभासद. त्यांची प्राप्ति दुहेरी : घरटीं मिळणारें मासिक शुल्क, जें आजकालच्या एका मसाला डोशाच्या किंमतीपेक्षां कमी आहे आणि जें वेळेवर देण्याची आमच्या इमारतींत फारशी प्रथा नाहीं, आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे. यांतली दुसरी बाजू कोरड्या जागेवर अवलंबून असते, ही गोष्ट मला सभेच्या दिवशीं ठाऊक नव्हती असें नाहीं. तिचा मीं विचार केला नव्हता.

आषाढांतल्या एका सकाळीं, तीन दिवसांची झड नुकती कोठें थांबली असतां, मी खालीं उतरलों तों मावशी पंपाच्या खोलीपाशीं उभ्या होत्या. पुढ्यांत पुठ्ठ्याचा ढीग. वर घातलेला प्लास्टिकचा कागद वाऱ्यानें उडून कुंपणाला अडकला होता. त्यांनीं एक खोकें उचललें तर त्याचा तळ तेथेंच राहिला.

"काका, हे बघा. चार दिवसांचा माल हाय. दुकानदार म्हणतो, ओला पुठ्ठा नको, सडतो. घेतला तरी निम्म्या वजनानं घेतो."

"मग आतां काय करणार?"

"काय करनार? गाडीत टाकायचा."

त्यांच्या आवाजांत तक्रार नव्हती. सभेंत कोण काय बोललें हें त्यांना कळलें होतें कीं नाहीं, हें मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाचतां आलें नाहीं, आणि विचारण्याचें धैर्य झालें नाहीं. त्यांनीं तो लगदा दोन्ही हातांनीं गोळा केला, आणि पालिकेची गाडी आली तेव्हां भाजीच्या देठांवर आणि शिळ्या भातावर नेऊन टाकला.

मी शास्त्राचा विद्यार्थी. त्या गाडीकडे पाहत असतां मला दिसलें तें असें. हाच पुठ्ठा कोरडा असता तर भंगाराच्या दुकानांतून गोदामांत आणि गोदामांतून कागदाच्या गिरणींत गेला असता. तेथें त्याचा लगदा होऊन पुन्हां पुठ्ठा झाला असता, आणि असे पांच-सात जन्म त्यानें घेतले असते. आपल्या गिरण्या याच मालासाठीं परदेशांतून जहाजें भरभरून रद्दी विकत आणतात. भिजल्यामुळें मात्र त्याचें नशीब ओल्या कचऱ्याशीं बांधलें गेलें. असा मिश्र कचरा ढिगांत पडला कीं ढिगाच्या पोटांत हवा पोंचत नाहीं. हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु त्याला कुजवितात आणि त्यांतून मिथेन वायु निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायु वजनास वजन कर्बवायूच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता कोंडून धरतो. वीसच वर्षांचा धरला तर ऐंशी पटींहून अधिक. त्याचें आयुष्य मात्र थोडें आहे. कर्बवायूचा बराच अंश शतकानुशतकें हवेंत राहतो. मिथेन सरासरी बारा वर्षांत नाहींसा होतो. म्हणजे आज मिथेन सोडण्याचें थांबविलें तर त्याचें फळ माझ्या नातीलाच काय, प्रकृति बरी राहिली तर मलाहि पहावयास मिळेल. उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं फिटते, असें आपल्या आज्या-पणज्या म्हणत आल्या. त्यांनीं कांहीं वायूंचें आयुष्य मोजलें नव्हतें. पण आंकडा कसा अचूक पडला!

हें सारें मीं त्या व्याख्यानांत आलेख काढून सांगितलें होतें. ध्रुवावरचें वितळतें बर्फ होतें, सैबेरियांतली गोठलेली जमीन होती. पंपाच्या खोलीपाशींचा पुठ्ठा त्यांत नव्हता.

सार्वजनिक पैशाविषयींचें माझें मत चुकीचें होतें असें मात्र मला आजहि वाटत नाहीं. कचऱ्याचा पुनर्वापर हा दानधर्माचा विषय नव्हे. तो रस्ता, नळ आणि दवाखाना यांच्या पंक्तींत बसणारा आहे, आणि त्याचा खर्च करांतूनच व्हावयास हवा. पैसा नाहीं असेंहि म्हणतां येणार नाहीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें नागरी स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा सुरू केला, त्याचा अंदाजी खर्चच १,४१,६०० कोटि रुपये होता. पण हा पैसा कोणत्या वाटेनें वाहतो तें पाहिलें पाहिजे. कचऱ्याच्या व्यवहारांत बिल बहुधा टनावर निघतें : इतके टन वाहिले, इतके टन दळले, इतके टन जुन्या ढिगांतून उपसले. जो टन ढिगापर्यंत गेलाच नाहीं त्याचें बिल कोण काढणार? मावशींनीं वेगळ्या काढलेल्या मालाची नोंद फार तर भंगारवाल्याच्या वहींत होते. ॲल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हां घडविला तर खनिजापासून तो करण्याच्या मानानें सुमारें ९५ टक्के शक्ति वांचते. ही वांचलेली शक्ति कोणाच्या मीटरवर उतरते? जें जळलें तें मोजतां येतें. जें जळलें नाहीं त्याला अंदाजपत्रकांत रकाना नाहीं.

यंत्रें नकोत, असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. इंदूरला २०२२ च्या फेब्रुवारींत रोज साडेपांचशें टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायु करणारा कारखाना सुरू झाला, आणि त्या वायूवर शहराच्या बसगाड्या चालूं लागल्या. परंतु त्या कारखान्याच्या दारीं कचरा येतो तो घराघरांतून वेगळा होऊन येतो, म्हणून यंत्राला तो पचतो. आमच्या पुण्यांतहि प्रभागांतून पांच पांच टनांचे लहान बायोगॅस प्रकल्प बांधले गेले. त्यांतले कित्येक पुढें बंद पडले, कित्येक अर्धपोटीं चालले. आणि यंत्राला जें पचलें नाहीं तें वर्षानुवर्षें कोठें गेलें, हें उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील लोकांना विचारावें. तेथल्या विहिरींचें पाणी नासलें आणि गांवांना टँकरवर दिवस काढावे लागले. २०१७ च्या उन्हाळ्यांत डेपोला आग लागली तेव्हां ग्रामस्थांनीं तीन आठवड्यांहून अधिक काळ शहराच्या गाड्या अडवून धरल्या. त्या दिवसांत आमच्या गल्लींतल्या कुंडीपाशीं नाकाला रुमाल लावून जातांना मी पालिकेला नांवें ठेवीत असें.

वास्तविक सगळ्यांत स्वस्त यंत्र म्हणजे छप्पर. एक ओटा, त्यावर पत्रा, माल निवडण्यास एक टेबल, हात धुण्यास नळ आणि एक दिवा. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत सरकारनें हें ओळखलेंहि होतें : कचरा वेंचणाऱ्यांना सुका माल निवडतां यावा म्हणून नगरपालिकांनीं पुरेशी जागा असलेलीं केंद्रें उभारावीं, असें कलम त्यांत घातलें होतें. पुरेशी जागा! हे दोन शब्द वाचले आणि माझा उत्साह दुणावला. मीं सभेंत म्हटलें होतें तेंच कायदा म्हणत होता. मग आपण पालिकेकडूनच छप्पर कां मिळवूं नये?

दसरा झाल्यावर मी एक चांगला मुद्देसूद अर्ज लिहून क्षेत्रीय कार्यालयांत गेलों. तेथील अभियंता तरुण आणि सौजन्यशील होता. त्यानें अर्ज शेवटपर्यंत वाचला, ही सरकारी कचेरींत लहान गोष्ट नव्हे.

"सर, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. "पैशांचं एक वेळ जमतं. जागेचं जमत नाही. तुमच्याच गल्लीच्या टोकाला पालिकेचा रिकामा प्लॉट आहे ना, तिथं शेड मंजूर झाली होती. तरतूदही होती."

"मग झाली कां नाहीं?"

त्यानें शिपायाला सांगून एक फाइल मागविली. सहा वर्षांपूर्वींची. नकाशा होता, अंदाजपत्रक होतें; ओटा, पत्रा, टेबल, नळ, दिवा, सारें कांहीं त्यांत होतें. त्याच्या मागें रहिवाशांची हरकत टांचलेली होती. दुर्गंधि सुटेल, डांस होतील, परिसराची शोभा जाईल, सदनिकांच्या किंमती उतरतील. सदर केंद्र अन्यत्र हलवावें. भाषा नेटकी होती. शेड 'अन्यत्र' कोठें, हें कोणीं लिहिलें नव्हतें. तेव्हां काम पुढें ढकललें गेलें, मार्च उलटला आणि निधि व्यपगत झाला.

हरकतीखालीं एकेचाळीस सह्या होत्या. सतरावी माझी. खालीं मीं स्वच्छ अक्षरांत 'निवृत्त प्राध्यापक' असेंहि लिहिलें होतें.

मला तें मुळींच आठवत नव्हतें. कोणी तरी संध्याकाळीं कागद घेऊन दारीं आलें असेल, मीं वाचून पाहिलें असेल किंवा नसेल, चहा घेतां घेतां सही ठोकली असेल. अभियंत्यानें माझें नांव अर्जावर वाचलें होतें, आणि फाइलींतहि त्याला तें दिसलेंच असणार. पण त्यानें पान उलटून फाइल बंद केली आणि पंख्याचा वेग वाढवूं का, असें विचारलें. मी दोन्ही वेळां खरेंच बोललों होतों, असें स्वतःची समजूत घालण्याचा मीं घरीं येतांना प्रयत्न केला. शेड अन्यत्र व्हावी हें एकदां, आणि पालिकेनें करावी हें दुसऱ्यांदां. दोन्ही वाक्यें शेजारीं ठेवलीं म्हणजे त्यांतून फक्त एकच अर्थ निघत होता, आणि तो मावशींना माझ्यापूर्वीं पुष्कळ दिवस कळलेला असावा.

हरकत मागें घेतल्याचें पत्र मीं दुसऱ्याच दिवशीं नेऊन दिलें. कारकुनानें आवक क्रमांक टाकला आणि सांगितलें कीं जुनी हरकत मागें घेण्याची तरतूद नाहीं. प्रस्ताव नव्यानें आला तर त्या वेळीं संमति कळवावी. प्रस्ताव नव्यानें यावा म्हणून बाकीच्या चाळीस सह्यांचा माग काढण्याचें काम मीं हातीं घेतलें आहे. चार जण वारले, सहा घरें विकून गेले. उरलेल्यांपैकीं नऊ जणांनीं आजवर संमति दिली, आणि तिघांनीं दार उघडून माझें म्हणणें ऐकून घेतल्यावर चहा मात्र दिला.

सोसायटीच्या यंदांच्या सभेंत मावशींचा अर्ज मीं माझ्या नांवानें पुन्हां मांडला. मिथेन, गिरण्या, नियम, सगळें सांगितलें. माझें संपतांच दुसऱ्या मजल्यावरचे बँकेंतले गृहस्थ उठले. "सर, गेल्या वर्षीं आपणच म्हणाला होतां," ते म्हणाले, आणि त्यांनीं माझीं वाक्यें मला ऐकवून दाखविलीं. मालमत्ता-कराचें वाक्य त्यांना शब्दशः पाठ होतें. टाळ्याहि तितक्याच पडल्या. शिवाय स्कूटरींचा प्रश्न निघाला. एकीचे मालक कॅलिफोर्नियांत मुलाकडे आहेत आणि त्यांची लेखी परवानगी हवी. दुसरी कोणाची, हें कोणालाच सांगतां येईना. विषय पुढील सभेवर ढकलण्यांत आला.

तूर्त एवढी व्यवस्था झाली आहे कीं पावसाची लक्षणें दिसलीं म्हणजे मावशी सुका माल आमच्या जिन्यानें वर आणतात आणि तो आमच्या पुढल्या खोलींत, पुस्तकांच्या कपाटाला टेकून राहतो. पहिल्या दिवशीं आमच्या घरांतून या गोष्टीला जी हरकत निघाली ती लेखी नव्हती, पण त्या एकेचाळीस सह्यांहून जोरदार होती. आतां ती बरीच निवळली आहे. काल श्रावणसरींत दुपारीं एकाएकीं ऊन पडलें, तेव्हां सौभाग्यवतींनींच गॅलरींतून मावशींना हांक मारली, "या हो, ऊन आहे तोंवर घेऊन जा; कोरडा आहे सगळा."