भिंतीतून जाणारा चेंडू

नवशिक्याने पहिलाच घाट घालावा तो महाकाव्याचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ज्याचा सा अजून लागलेला नसतो त्याला दरबारी गायचा असतो, आणि ज्याला वरणभात जमत नाही तो थेट पुरणपोळीला हात घालतो. माझी भाची या परंपरेला जागली. कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करायचे तिने मनावर घेतले आणि पहिलाच खेळ योजला तो अख्ख्या सह्याद्रीचा! बारा किल्ले, चार ऋतू, घोडे, पाऊस, वाऱ्याने हलणारे गवत. आठ महिने पोरगी खपली. गवत हलू लागले. घोडा मात्र काही केल्या जागचा हलेना. शेवटी एका संध्याकाळी लॅपटॉप मिटून ती म्हणाली, "मामा, हे काही मला जमायचं नाही." घरच्यांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. पुढे बँकेच्या परीक्षेचा अभ्यास ठरलेला होता.

त्यानंतर तिने जे केले ते मला मोठे शहाणपणाचे वाटले. किल्ले बाजूला ठेवले आणि 'पाँग' करायला घेतला. पडद्यावर दोन उभ्या फळ्या आणि मध्ये एक पांढरा चौकोनी ठिपका, त्यालाच चेंडू म्हणायचे. तुम्ही म्हणाल, हा तर पोरखेळ! पण या पोरखेळाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. 1972 साली अमेरिकेत अटारी कंपनीत अ‍ॅलन अ‍ॅल्कॉर्न नावाचा तरुण इंजिनिअर नव्याने आला. नोलन बुशनेल या मालकाने त्याचा हात बसावा म्हणून एक साधे काम दिले, तोच हा खेळ. म्हणजे पाँग मुळातच नवशिक्याचा गृहपाठ! त्यात प्रोग्रॅम असा नव्हताच. सारा कारभार विजेच्या मंडलांचा. अ‍ॅल्कॉर्नने फळीचे आठ भाग कल्पिले, आणि चेंडू कोणत्या भागाला लागतो त्यावरून तो कोणत्या कोनात परतेल ते ठरवले. एवढ्यानेच त्या ठिपक्यात जीव आला. पहिले यंत्र एका दारूच्या गुत्त्यात ठेवले. काही दिवसांतच ते बंद पडले म्हणून पाहायला जावे, तो नाण्यांनी पेटी तुडुंब भरलेली!

तोवर भाचीचे शिक्षण चालले होते ते व्हिडिओ बघून. समोरचा जी ओळ लिहील ती आपण लिहायची. खेळ चालतो, समाधानही होते. पण विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून तरंगणारा मुलगा जितका पोहतो, तितकेच हे पोहणे. आता ती व्हिडिओ एकदाच बघायची, बंद करायची आणि आठवून लिहायची. पहिल्या दिवशी दोन तासांत अकरा ओळी झाल्या. भोपळा सोडला की नाकातोंडात पाणी जायचेच.

याच सुमारास माझी नेमणूक बदकाच्या जागी झाली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत अशी एक चाल आहे, की गाडे अडले म्हणजे टेबलावरच्या रबरी बदकाला आपला कोड ओळीओळीने समजावून सांगायचा. सांगता सांगता चूक आपोआप सापडते. आमच्या घरी बदक नव्हते, मी होतो. अज्ञानाच्या बाबतीत मी बदकाला हार जाणारा नव्हे.

त्या दिवशी तिचा चेंडू फळीला न लागता सरळ आरपार निघून जात होता. तोही नेहमी नाही; वेग वाढला की मगच. ती मला सांगू लागली, "हे बघ मामा, पडदा सेकंदाला साठ वेळा नव्यानं काढला जातो. प्रत्येक वेळी चेंडू तीस ठिपके पुढे सरकतो. मग मी बघते, चेंडू फळीवर आहे का? फळीची जाडी बारा ठिपके..." आणि ती थांबली. एका चित्रात चेंडू फळीच्या अलीकडे, दुसऱ्यात पलीकडे. फळीवर तो कधी नव्हताच! बदकाने काही विचारण्याआधीच तिने वही ओढली. चेंडू कुठे आहे एवढेच पाहून भागत नाही. मघाच्या जागेपासून आताच्या जागेपर्यंतची रेघ फळीला छेदते का, ते पाहायला हवे. शाळेत भूमितीच्या नावाने बोटे मोडणारी ही मुलगी त्या रात्री बारा वाजेपर्यंत छेदबिंदू काढत बसली होती. चेंडू टप्पकन् परत फिरला तेव्हा तिने मारलेल्या आरोळीने शेजारचे जोशी दार उघडून बाहेर आले.

वसुबारसेला खेळ पुरा झाला. गुण मोजणारा, हरजीत सांगणारा, पुन्हा सुरू होणारा. मला विचाराल तर त्या हलत्या गवतापेक्षा मला याचे अप्रूप अधिक. तिने तो पहिल्यांदा खेळायला दिला तो आजीला, म्हणजे माझ्या ऐंशी वर्षांच्या आईला, आणि स्वतः तोंडावर हात ठेवून बाजूला बसली. खेळणाऱ्याला काही सांगायचे नाही हा तिचा नियम. आईने भलतीच कळ दाबली. मग पुन्हा तीच दाबली. भाचीने वहीत नोंद केली. दुसऱ्या दिवशी कोणतीही कळ दाबली तरी खेळ सुरू होऊ लागला.

परीक्षेचा विषय भाऊबीजेनंतर निघणार आहे. सध्या मात्र घरात निराळाच वाद पेटला आहे. आजी सलग तीनदा हरली, तर चौथ्यांदा चेंडू गुपचूप जरा हळू सोडावा की नाही? भाचीचे मत सोडावा असे आहे. आई म्हणते, "मला कळलं तर बघ हो!"