मुलांच्या गळ्याची शपथ

आमची रेवदंड्याची आजी सांगत असे, "मुलांच्या गळ्याची शपथ घेऊ नये. खरं बोलत असलात तरी घेऊ नये." आपल्या शब्दाचा भार लेकरांच्या मानेवर का द्यावा, असे तिचे म्हणणे. 'गॉडफादर' चित्रपटाचा तिसरा आणि शेवटचा भाग पाहताना मला हे आठवले.

पहिले दोन भाग १९७२ व १९७४ साली निघाले. दुसऱ्या भागातील हायमन रॉथ वाचकांना आठवत असेल. म्हाताऱ्या वयात तो इस्राएलमध्ये राहू मागतो व त्याला नकार मिळतो. हे पात्र मेयर लॅन्स्कीवरून घेतलेले. तो १९७० साली खरोखरच येथे आला होता. १९७२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला नागरिकत्व नाकारले. देश बदलला म्हणून मागचे पुसले जात नाही.

१९९० सालच्या तिसऱ्या भागात मायकेल कोर्लिओने हेच पुसू पाहतो. साठी जवळ आली आहे. जुगाराचा धंदा त्याने विकला, चर्चला मोठी देणगी देऊन मानाची पदवी मिळवली, आणि आता युरोपातील एका बड्या कंपनीत शिरून घराण्याचे नाव उजळ करावयाचे आहे. हे सारे मुलांसाठी, असे तो म्हणतो. सिसिलीत जुन्या मित्राच्या शवपेटीपाशी बसून तो मुलांच्या जिवाची शपथ घेतो की, यापुढे पाप करणार नाही. पण वैर काही थांबत नाही. पालेर्मोच्या तेआत्रो मास्सिमोच्या पायऱ्यांवर बापासाठी झाडलेली गोळी मुलीला, मेरीला लागते. मायकेल किंचाळतो, पण कितीतरी वेळ आवाजच ऐकू येत नाही.

हा चित्रपट मी माझ्या मुलाबरोबर पाहिला. तो इथेच जन्मलेला. मराठी समजते, पण उत्तर हिब्रूत देतो. शेवटी त्याने एवढेच विचारले, "पप्पा, त्याने मुलांना कधी विचारलं होतं का, तुम्हाला काय हवंय?"

आपल्यात कोणी मायकेल नाही. आपल्या आईबापांनी रात्रपाळ्या करून, प्रामाणिकपणे संसार उभे केले. तरी "तुमच्यासाठीच आम्ही इथं आलो" हे वाक्य आपल्या घराघरांत बोलले जाते. ते खरेही असते. पण त्याच्या मागोमाग पुष्कळदा दुसरे वाक्य येते: म्हणून अमुक शिक, तमुक घरात लग्न कर. मग कष्टांचे कर्ज होते, आणि ते मुलाने न मागता त्याच्या नावावर चढते.

मायकेलचा मुलगा अँथनी वकिलीचे शिक्षण सोडून ऑपेरा गाऊ इच्छितो. बाप प्रथम विरोध करतो, मग मान्य करतो. माझ्या मते मुलाने स्वतः मागितलेली आणि बापाने दिलेली अशी हीच एक गोष्ट आहे. बाकीचे सारे बापाने स्वतःच ठरविले.

२०२० साली दिग्दर्शक कोपोला यांनी हा चित्रपट नव्याने जुळवून 'मायकेल कोर्लिओनेचा मृत्यू' असे नाव दिले. गंमत अशी की, जुन्या चित्रपटात शेवटी दिसणारा मृत्यू या आवृत्तीत दाखविलेलाच नाही. म्हातारा खुर्चीवर एकटा बसून राहतो. पैसा आहे, नाव आहे. ज्यांच्यासाठी मिळविले त्यांपैकी जवळ कोणी नाही.

वाचकहो, मुलांना आपल्या कष्टांच्या हकिकती जरूर सांगाव्यात, त्यांना त्या कळल्याच पाहिजेत. पण ती हकिकत सांगून झाली की तिथेच थांबावे, आणि मग त्यांचे ऐकावे, मग ते हिब्रूत का बोलेनात.